निंबाखालचा सहावा थांबा

३ नोव्हेंबर, सोमवार

ज्याचे गुडघे धड आहेत त्यानं म्हाताऱ्या माणसांसाठी रस्ता आखू नये. पावणेतीन किलोमीटर, नऊ थांबे, आणि बुड टेकायला एक जागा नाही. फोनवर निळी रेघ ओढली की झाला रस्ता! रेघेला कधी पाय दुखतात का?

तक्रार झाली. आता जयभीम.

आम्रपालीनं ही वही दिली तेव्हा सांगितलं, आजी, आधी तारीख घाल, मग मनातलं लिही. मी तिसरीत शाळा सोडलेली. पुढं जे आलं ते साक्षरतेच्या वर्गात, दुपारी भाजीची पाटी विकून आल्यावर. म्हणून अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. वही कोणाला दाखवायची नाही, तवा चालतंय.

आम्रपाली माझी नात, अनिलची थोरली. इतिहासात एम. ए. झाली. कॉलेजातल्या योगिता मॅडमनी आणि गावातल्या समितीनं असं काढलंय की बाहेरच्या पाहुण्यांना जुनं अंबाजोगाई पायी हिंडवून दाखवायचं. मंडी बाजारातून निघायचं, योगेश्वरीचं देऊळ, जुनी बारव, मग नदीकडच्या गल्लीतून हत्तीखान्याच्या लेण्यांपर्यंत. पुढं चालणारी आणि बोलणारी आम्रपाली. सोळा तारखेला रविवारी एक फेरी करून बघणार. समितीला पसंत पडली तर दर रविवारचं आणि जत्रेतलं काम तिचं, कायमचं. नाही पडली तर एक डिसेंबरपासून पुण्याला, कानाला फोन लावून बसायची नोकरी. तिकडचं बोलावणं आलेलं आहे.

माझं काही म्हणणं नाही. पोरी जातातच. पण रस्ता आखायचा तर नीट आखावा, एवढंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी तिच्यासंगं सगळा रस्ता चालले. तिच्या हातात फोन, माझ्या हातात काठी.

ती म्हणली, "आजी, देवळापर्यंत आठशे मीटर झाले."

म्हणलं, "मीटर मला सांगू नको. डोक्यावर वांग्याची पाटी असली की मंडी बाजारापासून देवळापर्यंत दोनदा टेकावं लागतं. मेथीची असली की एकदाबी न्हाई. तुझे पाहुणे मेथीचे का वांग्याचे?"

"पुण्याचे हायेत."

"मग वांग्याचे. दोन जागा बघ."

तीस वर्षं मी या गल्ल्यांतून माळवं विकलं. कोणाच्या घरात शेपू खात नाहीत, कोण एका जुडीसाठी चार जुड्या उलट्यापालट्या करतं, कोणत्या दारात कुत्रं आहे, सगळं मला ठाऊक. पण देवळापाशी आम्रपाली शिखराबद्दल बोलायला लागली तवा माझ्या ध्यानात आलं की शिखर मी कधी बघितलंच नव्हतं. डोक्यावर पाटी असली की मान वर होत नाही. आज बघितलं. बरं आहे. लई मेहनत घेतलीय कोणीतरी.

नदीकडच्या गल्लीत निंब आहे, त्याच्याखाली दगडी ओटा. एक माणूस आडवा होईल एवढा लांब, हात फिरवावा तर गुळगुळीत. मी जाऊन बसले. बुडाला दगडाची ओळख होती.

आम्रपाली म्हणली, "हा कुणाचा ओटा?"

"माझा."

हसली. पण खरंच आहे. दुपारची भाकरी मी तीस वर्षं इथंच खाल्ली. गावातले बाकीचे ओटे लोकांचे. पाटी टेकली न टेकली की आतून आवाज यायचा, "कोण गं ती?" या ओट्यावरून मला कधी कोणी उठवलं नाही. पावसात नाही, जत्रेच्या गर्दीत नाही.

तिनं लिहून घेतलं. थांबा सहा, निंबाखालचा ओटा, चहा आणि फराळ. माझ्या जागेला नंबर लागला. घरी येताना गुडघा जरा कमी दुखला.

८ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. गुडघ्याला तेल. आम्रपाली आरशापुढं उभी राहून देवळाचा इतिहास सांगती. आरसा गप ऐकतो. मी असते तर दोनदा अडवलं असतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

राधाकिशन आला होता. समितीचा अध्यक्ष. जमीनवाले लोक, नदीकडच्या गल्लीत निंबाच्या समोरचं मोठं घर त्यांचंच. त्याला मी चड्डीत नाक ओढताना बघितलंय. आता कडक इस्त्री.

"जयभीम, मावशी!"

म्हणलं, "निवडणूक आली वाटतं."

"तुमची जीभ काय म्हातारी व्हायना."

"जिभेला गुडघे नसतात."

आम्रपालीनं कागद पुढं केला. त्यानं बोट ठेवून एकेक थांबा वाचला. सहाव्यावर आला. "निंबाखालचा ओटा. वा! सावलीचा बघितलास." आणि खाली सही केली.

त्या गल्लीत जन्मला, तिथंच वाढला, आणि कागदावर ओटा ओळखू आला नाही. आता मोटारीतून उतरतो ते थेट दारात. कागदावर सगळे ओटे सारखेच.

मी त्याच्या चहात साखर जास्त घातली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

आठ पाहुणे आले. सगळ्यांच्या पाठीला पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. आम्रपाली अशी बोलली की बारवेपाशी एक म्हातारा गावकरीसुद्धा थांबून ऐकत राहिला, आणि मागून मला म्हणला, "कोणाची हो पोरगी?" मी म्हणलं, "असंल कोणाची." मी मागं मागं रिक्षानं होते. रिक्षावाला कंटाळला.

निंबापाशी आल्यावर सगळे टेकले. ओट्यावर कागदाच्या प्लेटा मांडल्या, चिवडा, चहा. त्यातला एक उंच माणूस, गळ्यात कॅमेरा, त्याला खालून निंबाचा फोटो काढायचा होता. तो ओट्यावर उताणा निजला. पाय नदीकडं.

समोरच्या घरातून किंकाळी आली.

"अरं उठवा रं त्याला! जिता माणूस विसाव्यावर निजलाय!"

सुंदरबाई. राधाकिशनची आई, पंच्याऐंशी वर्षांची, तिच्या ओट्यावर काठी घेऊन उभी. तिच्या आवाजानं बाकीच्या बाया बाहेर आल्या. एक म्हणली, "तिरडी ठेवायच्या जागी फराळ मांडलाय, बाई!" एका पाहुणीनं तोंडातला चिवडा रुमालात काढला. उंच माणूस उठला, ओट्याकडं बघत पाठ झाडायला लागला, जसं काही मरण कपड्याला चिकटतं.

राधाकिशन धावत आला. तोंड लाल. "पाहुण्यांना विसाव्यावर बसवलं? अगं, शिकलीस ना तू?"

आम्रपालीला विसावा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्या गल्लीतल्या लोकांत माणूस गेलं की तिरडी घरातून नदीवर नेतात, तवा निम्म्या वाटेत एकदा खाली टेकवतात. खांदेकरी बदलतात, मग पुढं. जिथं टेकवतात तो विसावा. आमच्यात ते नाही. धम्म घेतला तवाच आमच्या लोकांनी ते सगळं सोडलं. आमचे मालक शहादेव गेले तवा त्यांना गावाच्या दुसऱ्या अंगानं नेलं, त्रिसरण म्हणत, वाटेत कुठंही टेकवलं नाही. पोरीला कुठून कळणार? तिनं बघितलेलंच नाही.

योगिता मॅडमनी फेरी तिथंच थांबवली. लेणी राहिली. आम्रपालीनं खाली वाकून एकेक प्लेट गोळा केली, चिवड्याचे दाणेसुद्धा वेचले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी भाकरी थापताना ती मागं येऊन उभी राहिली.

"आजी, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"इचारलंस का?"

ती गेली. भाकरी करपली.

ते उत्तर बरोबर नव्हतं. वहीत खोटं लिहून काय करायचं, म्हणून लिहिते. तीस वर्षांत पंचवीस-तीस तिरड्या मी तिथं टेकताना बघितल्या. लांबून लोक दिसले की भाकरी बांधायची, पाटी उचलायची, बाजूला उभं राहायचं, गेले की परत येऊन बसायचं. दगडाला काय ठाऊक कोण जितं आणि कोण मेलेलं? मला त्यात वावगं कधी वाटलं नाही. पण पोरीला सांगितलं असतं तर तिनं ती जागा खोडली असती. ती जागा माझी होती. गावात माझी म्हणावी अशी तेवढीच. तिला नंबर मिळाला तो मला जाऊ द्यायचा नव्हता.

माझ्या हौसेपायी पोरीचं काम गेलं. असं असेल तर असं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आम्रपालीनं बॅग काढली. अनिल म्हणला, पुणं काय लांब नाही, रोज गाड्या आहेत. मी म्हणलं, होय, लोक जातातच की.

तिनं बॅगेत जाड गोधडी घातली होती. मी काढून पेटीत ठेवली. एवढं ओझं कोण वागवणार? तिनं परत घातली. मी परत काढली. पेटीला कुलूप लावलं. किल्ली कुठं ठेवली ते आता आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एकटीच गेले नदीकडच्या गल्लीत. दारापाशी गेले तसा आतून आवाज.

"कोण गं ती?"

"माळवं."

"काय आणलंस?"

"काय न्हाई आणलं. पंधरा वर्षं झाली पाटी सोडून."

"मग वरडायलीस कावून?" सुंदरबाई काठी टेकत बाहेर आली. डोळ्यांना कमी दिसतं, पण मला वळखलं. "मनकर्णे, किती वाळलीस गं."

"तुमी लई टवटवीत दिसायल्या."

तिच्या ओट्यावर आता गुळगुळीत पांढरी फरशी आहे. मी खाली उभी राहिले.

"बाई, एक इचारायचं हाय. मी पहिल्या दिवशी या गल्लीत आले तवा पाटी कुठं टेकवली होती, याद हाय का?"

"हाय की. हितंच. शेपू आणला होतास."

"करडीची भाजी होती."

"शेपू."

"बरं, शेपू. आन् तुमी काय म्हणल्या?"

तिनं पदर नीट केला. पदर नीटच होता.

"म्हणलं, पलीकडं बस. निंबाखाली."

"निंबाखाली काय हाय?"

"आता काय इचारतीस."

"परवा वरडल्या तसं सांगा की."

"विसावा हाय," ती म्हणली. या वेळी वरडली नाही.

"तीस वर्षं मी तिथं भाकरी खाल्ली. तुमी हितं बसून बघायच्या. कधी पाणी पाहिजे का म्हणूनबी इचारलंत, वरून ओतलंत. तवा तुमाला तिरडी दिसली न्हाई? तवा अपशकुन झाला न्हाई? परवा पुण्याचा माणूस निजला की झाला?"

गल्लीतून एक फटफटी गेली. सुंदरबाईनं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणली, "तवा मनातच आलं न्हाई गं."

"तेच म्हणते मी."

तिनं सुनेला चहा आणायला लावला. दोन कप, दोन्हींवर निळी फुलं. मी बघून घेतलं. म्हणली, "वर बस की." मी म्हणलं, गुडघा वळत न्हाई. ते खरं आहे. पण सगळं खरं तेवढंच नाही. उभ्यानं चहा पिले आणि आले.

तिच्याकडं मी काही मागितलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, म्हातारी नातीपायी पदर पसरायला गेली होती. मी फक्त विचारायला गेले होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

राधाकिशन आला. आज इस्त्री जरा ढिली.

म्हणला, "मावशी, तुमी आईला काय म्हणलात? दोन दिवस झाले नीट जेवंना. म्हणती, त्या पोरीला परत बोलाव, न्हाईतर मी विसाव्यावर जाऊन बसते."

म्हणलं, "बसू द्या. सावली चांगली हाय."

मग तो आम्रपालीकडं वळला. समितीनं ठरवलंय, तीस तारखेला परत एक फेरी, तेच पाहुणे. सहावा थांबा मात्र खोडायचा. मला वाटलं पोर मान डोलवणार. ती म्हणली, "खोडणार न्हाई. चहा बारवेपाशी घेऊ. विसाव्यापाशी कोणी बसायचं न्हाई, खायचं न्हाई, नुसतं उभं राहायचं, आन् ती जागा काय हाय ते मी सांगणार. काका, लपवलं म्हणून लोक दचकले. देऊळ सगळ्या गावात असतं. ही अख्खी गल्ली एकदा जिथं टेकती तो दगड कोण दाखवतं?"

मी तिच्याकडं बघत राहिले. ही जीभ कोणाची आली कोण जाणे. अनिलची तर नाही.

राधाकिशन बराच वेळ फोन खालीवर करत बसला. मग हो म्हणला. जाताना चपला घालता घालता मला हळूच म्हणला, "मावशी, पोरगी सांगणार तुमी तिथं तीस वर्षं बसला म्हणून. कोणी इचारलं कावून बसत होता, तर सांगा की सावली होती. खोटं तर न्हाई ना?"

खोटं नाही. सावली होतीच. चांगला वकील झाला असता.

म्हणलं, "बघू."

३० नोव्हेंबर, रविवार

फेरी झाली. उद्यापासून पुणं, का इथं, ते आजच्यावर होतं.

आम्रपाली चांगली बोलली. चहा बारवेपाशी झाला. निंबापाशी सगळे पायांत अंतर ठेवून उभे राहिले, जसं शाळेत प्रार्थनेला. समोर सुंदरबाई तिच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. आम्रपालीनं विसाव्याचं सगळं सांगितलं, तिरडी कुठून यायची, कुठं टेकायची, खांदा कसा बदलायचा. आमच्यात का नाही तेही सांगितलं. मग म्हणली, "आणि माझी आजी तीस वर्षं इथं बसून भाकरी खायची."

मी रिक्षातून उतरून उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मागच्या वेळी उताणा निजलेला तो उंच माणूस पुढं आला. आज उभाच होता, शहाणा झालेला.

"आजी, गावात इतके ओटे आहेत. तुम्ही इथंच का बसायचा?"

मी तोंड उघडायच्या आधी राधाकिशन बोलला. "सावली, सावली! निंबाची सावली लई गार असती, साहेब."

मी बाटली काढली आणि पाणी प्यायला लागले. तोंडात पाणी असलं की माणूस खोटं बोलत नाही आणि भांडतही नाही.

तवा फरशीवर काठी आपटल्याचा आवाज झाला.

"सावली माझ्या ओट्यावर बी हाय," सुंदरबाई म्हणली. "तवाबी होती."

बस. एवढंच. पण नदीपर्यंत ऐकू गेलं असणार. राधाकिशन चपलेकडं बघायला लागला. उंच माणसानं कॅमेरा वर केला होता तो खाली घेतला.  आम्रपालीनं मनात दहा मोजले असतील, मग म्हणली, "चला, सातवा थांबा." आणि सगळे तिच्या मागं गेले.

मी गेले नाही. मला लेण्यांच्या पायऱ्या झेपत नाहीत. मी निंबाखाली बसले. समोर सुंदरबाई. दोघी तशाच बसलो, पाहुणे परत येईपर्यंत. ती एकदा म्हणली, "शेपूच होता." मी म्हणलं, "करडी."

२ डिसेंबर, मंगळवार

काम आम्रपालीचं झालं. काल समितीचा कागद आला, शिक्क्यासकट. पुण्याला तिनं फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. बॅग रिकामी केली. पेटीची किल्ली डाळीच्या डब्यात सापडली, माझ्या आधी तिलाच सापडली. माझ्याकडं बघून हसली. मी म्हणलं, डब्यात उंदीर जाऊ नये म्हणून ठेवली होती. 

सात तारखेला रविवारी पुढची फेरी. जत्रेचे दिवस, पाहुणे जास्त येतील. सहाव्या थांब्यावर तोच प्रश्न येणार, दर रविवारी येणार. म्हणून आता ठरवून टाकते. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण एवढा खालचा मजकूर आम्रपालीनं नीट अक्षरात उतरून राधाकिशनला द्यावा.

मी उत्तर देणार नाही. मी तीस वर्षं तिथं बसून दिलंय. आम्रपालीनं द्यायचं नाही; मला पहिल्या दिवशी उठवलं तवा ती जन्मलेली नव्हती. सुंदरबाईनं एकदा दिलं, पुरे झालं. त्या वयात तिला दर रविवारी काठी आपटायला लावायची नाही. त्या घराचा कर्ता आता राधाकिशन आहे. उत्तर राधाकिशननं द्यायचं. त्याच्या ओट्यावरून खाली उतरून, निंबाखाली उभं राहून, मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं. आणि सावलीचं नाव काढायचं नाही.